वासरानं करडईत तोंड घातलं

मुरुम पाहायला म्हणून कुणी जात नाही. तिथं किल्ला नाही, मोठं देवस्थान नाही, डोंगर तर औषधालाही नाही. माणसं बाजाराला जातात आणि बाजार उरकला की परत फिरतात. मी गेले ते माझं माहेर आहे म्हणून. पण या खेपेला तिथं जे झालं ते सासरी, बेंबळीतल्या बायकांना सांगून सांगून माझा घसा बसला, तेव्हा एकदाच लिहून टाकते. ज्यांनी मुरुम पाहिलं नाही त्यांनाही वाचता येईल. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे. त्यात जेवढं लिहिता येतं तेवढं लिहिते.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची ही दुसरी संक्रांत. मुरुमला माझ्या धाकट्या भावाचा, बसाप्पाचा, तेलाचा घाणा आहे. लाकडाचा, बैलानं ओढायचा. बापाचा होता, आज्याचा होता. बसाचा मुलगा इराण्णा सोलापूरला कापडाच्या गिरणीत लागला आहे. तो तिथं खोल्या घेऊन राहतो आणि आईबापाला तिकडंच या म्हणतो. बैलबाजाराला आलेल्या एका माणसाकडून बसानं निरोप धाडला की घाणा ठेवायचा का मोडायचा हे या करीला ठरवणार आहे, आक्कानं यावं.

कर म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी मुरुमला महादेवाच्या देवळापुढं वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, कापूस, मिरची असं मांडतात. ज्याला वासरू तोंड लावील त्याला येत्या वर्षात तेजी, ज्याला लावणार नाही त्याला मंदी. वाणी, आडते, तेली सगळे त्यावरून वर्षाचा अंदाज बांधतात. माझा त्यावर विश्वास नाही. वासराला भूक लागलेली असते आणि ते खातं. पण बसाचा आहे.

मला काय हवं होतं ते आधीच सांगते. मला घाणा राहायला हवा होता. बसा सोलापूरला गेला की मुरुममध्ये मला ‘आलीस का’ म्हणणारं कुणी उरत नव्हतं. साठी उलटलेल्या बाईला माहेर कशाला हवं, असं माझ्या सुना म्हणतात. त्यांची माहेरं अजून जागेवर आहेत.

अणदूर

तुळजापूरपर्यंतचं काही लिहीत नाही. धूळ होती आणि शेजारच्या बाईचं पोर माझ्या मांडीवर झोपलं होतं, एवढंच. नळदुर्ग मागं पडल्यावर मात्र डोळे उघडे ठेवावेत असा मुलूख लागतो. दोन्ही बाजूंना शाळू कमरेच्या वर गेलेला, काळी जमीन तडकलेली, आणि प्रत्येक वावराच्या कडेनं करडईच्या ओळी. जनावर आत शिरू नये म्हणून करडई बांधाला लावतात. तेव्हा ती फुलावर होती. मोटारीतून बघावं तर केशरी गालिचा, खाली उतरून हात लावावा तर काटे. आमच्या बेंबळीकडंही असंच लावतात. पण मुरुमच्या वाटेवरची करडई मला निराळी दिसते. ती निराळी नाही हे मला ठाऊक आहे.

अणदूरला मोटार बिघडली. कंडक्टर म्हणाला, दुसरी येईल. किती वेळानं, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी खंडोबाच्या देवळात गेले. देव तिथं नव्हता. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांनी खंडोबा वाटून घेतला आहे. वर्षातले बरेच महिने तो अणदुरात असतो आणि या दिवसांत नळदुर्गाला जातो. एक म्हातारी अंगण झाडत होती. मी म्हटलं, देव नसताना कशाला झाडता. ती म्हणाली, “गेलाय तसा येईल की. त्याला दोन्हीकडं घर हाय.” मी ओट्यावर जरा बसले. देवाला जमतं.

थांब्याजवळच्या हॉटेलात शेव मागितली, पावशेर. हॉटेलवाल्यानं नवी वजनं काढली. पावशेर बंद झाला, आता ग्रॅम म्हणायचं, असं त्यानं मला शिकवलं. तिथं बसलेल्या दोघांत वाद पेटला. एकाचं म्हणणं, किलो आल्यापासून सगळं महागलं. दुसऱ्याचं, महागलं म्हणूनच किलो आणला, कळू नये म्हणून. हॉटेलवाला शेव तोलता तोलता म्हणाला, मापं कुठलीबी आणा, माझ्या शेवेत डाळीचं पीठ कमीच असतंय. शेव मिठाला बरी होती. तेलाला नव्हती. ते गिरणीचं तेल होतं, वास नसलेलं.

मुरुम

येणेगूरच्या फाट्यावर मी उतरले आणि माझं बोचकं टपावरच राहिलं. मोटार उमरग्याकडं निघून गेली. बोचक्यात तिळगूळ, भावजयीसाठी लुगडं आणि हुरड्याची कणसं होती. मी रस्त्यात उभी राहून कंडक्टरला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच ते परतीच्या मोटारीतून फाट्यावर उतरवून पाठवलं. लुगडं होतं, तिळगूळ होता, हुरडा नव्हता. तो त्यानं भाजून खाल्ला असणार. मोबदला म्हणून ठीक आहे.

फाट्यावरून बैलगाडीनं गावात आले. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली आणि घाण्याचा आवाज आला. तो आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना कसा सांगावा? लाकडावर लाकूड घासतं आणि कण्हल्यासारखा एकच सूर निघतो. बैल पुढं गेला की तो बारीक होतो, मागं फिरला की जाड. मी लहानपणी याच आवाजावर झोपले आहे. आमची आई लवकर गेली. बसाला मांडीवर घेऊन मी घाण्याच्या दांडीवर बसायचे आणि बैल आम्हाला गोल गोल फिरवायचा. बसा रडायचा थांबे आणि दांडीवर वजन पडल्यामुळं बापाचं कामही होई.

बसा दारात आला. गुडघे धरून चालत होता. “आलीस का, आक्का,” म्हणाला. पाणी दिलं. घाण्याच्या मागं त्याची बायको गौरा होती. डोळ्याला झापडं बांधलेल्या बैलामागून ती चालत होती आणि वर आलेली करडई हातानं आत सारत होती. तिनं मान हलवली. थांबली नाही. थांबलं की तेल बसतं, निघत नाही.

शेजारीण जवळ येऊन म्हणाली, “ऊटा आयतेनु?” म्हणजे जेवण झालं का. मुरुमला अर्धं गाव घरात कानडी बोलतं. मीही बोलायचे. मला उत्तर यायला वेळ लागला आणि आलं ते मराठीतून आलं. तिचं काही अडलं नाही. माझंच अडलं.

जेवायला भोगीची भाजी होती. आमच्याकडं बेंबळीला तिच्यात शेंगदाण्याचा कूट सढळ घालतात. इथं तीळ जास्त, आणि बाजरीच्या भाकरीवर तिळाचा थर. पण मी वाट पाहत होते ती घाण्यावरच्या तेलाची. नुकतं निघालेलं करडईचं तेल कोमट असतं. ज्वारीची भाकरी कुस्करायची, वर शेंगदाण्याची चटणी, मधे खळगा करून तेल ओतायचं. बोटाला लागलेलंही वाया घालवायचं नाही. बेंबळीला आता डब्यातलं तेल येतं. ते तळायला चालतं, खायला नाही. मी तीनदा तेल घेतलं. बसा हसत होता. गौरा वाढत होती.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, दुपारी बाजारात फिरून आले. मुरुमचा बाजार मी भरलेला पाहिला आहे. आळंदकडच्या गाड्या आदल्या दिवशीच येऊन पडायच्या आणि बैलांच्या घुंगरांनी झोप लागायची नाही. आळंद आता म्हैसूर राज्यात गेलं. मधे नाका झाला. गाडीवान म्हणतात, कागद दाखवत बसण्यापेक्षा तिकडंच विकतो. बाजाराच्या टोकाला तेलाची नवी गिरणी झाली आहे, इंजिनावर चालणारी. बसा दिवसभर जेवढं तेल काढतो तेवढं ती सकाळच्या न्याहारीपर्यंत काढते. गिरणीवाला तरुण आहे, तोंडाचा गोड. मला बघून खाली वाकला, म्हणाला, “बसाप्पाकाकांच्या आक्का ना तुमी? या कधी गिरणी बघायला.” मला त्याचा राग धरायचा होता. त्यानं धरू दिला नाही.

संध्याकाळी पंचायतीच्या कट्ट्यावर रेडिओ लावला. येत्या वर्षात देशातल्या धंद्यांचं कसं राहील यावर कुणी मोठे गृहस्थ बोलत होते. मराठी होतं, पण कोरडं. तिसरी योजना, कारखाने, वीज, पोलाद, परदेशी पाठवायचा माल. सगळं वाढणार होतं. भाव थोडे चढतील पण काळजीचं कारण नाही, असं त्यांनी सांगितलं. कट्ट्यावरची माणसं पंचांग ऐकावं तशी मान खाली घालून ऐकत होती. बसा कानानं जरा कमी ऐकतो. संपल्यावर त्यानं विचारलं, “घाण्याचं काय म्हणाला?”

किराणावाला म्हणाला, “बसाप्पा, तो देशाचं सांगतोय. तुझं कसं सांगंल?”

“मग माझं कोण सांगणार?”

“उद्याचं वासरू.”

सगळे हसले. बसाही हसला.

कर

भाकणूक दिवेलागणीला होते. देवळापुढं सारवलेल्या जागेवर पुजाऱ्यानं पत्रावळी मांडल्या. ज्वारी, गहू, हरभरा, तूर, करडई, गूळ, कापूस, लाल मिरची. सोलापूरला मोठ्या जत्रेत हे पाहिलेले लोक म्हणतात तिथं गर्दीमुळं वासरू दिसत नाही. इथं दिसतं. बायका उजवीकडं, गडी डावीकडं, आणि धंदेवाले आपापल्या मालाच्या समोर बसलेले.

सुरुवातीलाच भांडण झालं. गिरणीवाल्यानं एक पत्रावळ आणली आणि त्यावर पेंड ठेवली. तेल काढून राहिलेला चोथा. म्हणाला, “आमच्या धंद्याचंबी विचारा की देवाला. नवा असला म्हणून काय झालं?” पुजारी चिडला. पेंड मांडायची नाही असा रिवाज आहे, आणि त्याचं कारण उघड आहे. उपाशी वासरापुढं पेंड ठेवल्यावर ते दुसऱ्या कशाकडं बघणारच नाही. पुजारी म्हणाला, “ही भाकणूक हाय, गोठा न्हाय.” मग गिरणीवाल्यानं इंजिनाच्या पट्ट्याचा तुकडा खिशातून काढला. तो चामड्याचा निघाला. त्यावर देवळापुढं जो गोंधळ झाला तो निवायला बराच वेळ गेला. शेवटी तो हात जोडून मागं जाऊन बसला, आणि त्याच्या धंद्याचं देवाला कुणी विचारलं नाही. त्याला त्याची गरजही नसावी.

वासरू आणलं. तांबडं, कपाळावर पांढरा ठिपका. ते आधी नुसतंच उभं राहिलं. मग ज्वारी हुंगली आणि सोडली. गुळाला चाटलं, तेव्हा गुळाचे आडते एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. कापसाकडं बघितलंच नाही. मिरचीला फुरफुरलं, पोरं हसली. मग ते करडईपाशी आलं.

माझा विश्वास नाही असं मी वर लिहिलं आहे, आणि ते खरं आहे. तरी मी पदर तोंडात धरला होता. वासरानं करडईत तोंड घातलं. नुसतं लावलं नाही. पत्रावळ सरकेपर्यंत खाल्लं.

मी मांडीवर थाप मारली. “खाल्लं. बसा, तेजी रे, तेजी!” मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की डावीकडचे गडीसुद्धा वळले.

करडईसमोर गावातले सगळे तेली बसले होते. त्यांच्यात कुणी हललं नाही. बसानं माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. एक म्हातारा तेली दुसऱ्याला म्हणाला, “ही बाई कुणब्याच्या घरची दिसतीय.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

शेतकऱ्याला तेजी म्हणजे सण. आमच्या बेंबळीच्या घरी करडई पिकते, आम्ही ती विकतो, आणि भाव चढला म्हटलं की सुना हसतात. तेल्याला करडई विकत घ्यावी लागते. गिरणीवाला हंगामात गाड्या भरून ठेवतो. बसा बाजाराच्या बाजारी एखादं पोतं आणतो. करडई महागली तर त्याला महाग घ्यावी लागणार, आणि तेल मात्र गिरणी ज्या भावानं देईल त्याच भावानं द्यावं लागणार. तेल्याला मंदी हवी. लहानपणी आम्ही दोघं भावंडं याच देवळापुढं हात जोडून म्हणायचो, देवा, करडई नको, करडई नको. वासरानं तोंड फिरवलं की बाप बसाला खांद्यावर घ्यायचा. हे मी विसरले होते. विसरले म्हणण्यापेक्षा, माझ्या तोंडातून आपोआप सासरचं निघालं. जन्म झाला त्या गावात मला कुणीतरी परकी ठरवलं आणि त्याचं चुकलं नव्हतं.

वाटेत बसा गुडघे धरून माझ्या पुढं चालत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

सकाळ

दुसऱ्या दिवशी मी निघणार होते. सकाळी गौरा घाणा भरत होती. मी ओट्यावर बसले आणि तिला म्हटलं, वासराचं काय घेऊन बसायचं, एक साल अजून काढा, करडई इतकीही महागणार नाही. मी आणखी म्हटलं की या तेलाचा वास आला की मला माझं बाळपण आठवतं, असा घाणा आता कुठं राहिला आहे.

गौरा मला कधी उलट बोललेली नाही. तिनं बैलाची झापडं बांधली, लाट, म्हणजे घाण्यातला उभा लाकडी सोटा, नीट बसवली आणि माझ्याकडं वळली.

“वन्सं, तुमी वर्षातनं एकदा येता. तुमाला हा वास ग्वाड लागतुया. मला तो डोक्यावरनं न्हालं तरी अंगातनं जात न्हाय. दिवाळीला सोलापूरला गेले, तर नातू म्हणाला, आजी, तुझ्याजवळ नगं निजायला.” जरा थांबून म्हणाली, “ह्यांचं गुडघं गेल्यापसनं बैलामागं मीच फिरतेय. तुमी म्हायेर म्हंता. माझं सासर हाय हे.”

तिनं बैलाला हाकललं. आवाज सुरू झाला. मी त्या आवाजात बसून राहिले आणि पहिल्यांदा तिचे पाय पाहिले. बैलाच्या गोल वाटेला लागून तितकीच झिजलेली आणखी एक वाट होती, ती तिची होती.

बसा आतून आला, माझ्याशेजारी टेकला. म्हणाला, “आक्का, तू सांग. गेल्या सालीच बंद करणार होतो. इराण्णा रोज म्हणतोय. पण तुला दार राहिलं पायजे म्हणून वढत आलो. तू ऱ्हा म्हण, मी ऱ्हातो. वासरू गेलं तिकडं.”

मला वाटलं होतं की ठरवणारं वासरू आहे. ते बरं होतं. वासरावर राग काढता येतो.

मी घाण्याकडं पाहिलं. लाट काळी झाली आहे, दांडीला मधोमध पितळेचा पट्टा आहे, आज्यानं बसवलेला. तिथंच आम्ही बसायचो. ‘राहा’ हा शब्द माझ्या जिभेवर होता, तो अजूनही आहे, हे लिहिताना आहे.

“जा,” म्हटलं. “बैल चांगल्या घरी दे. जा.”

“मग तू?”

“मी काय. माझं घर बेंबळीला हाय.”

त्यानं दोन्ही गुडघ्यांवर हात टेकले. मग मला समजावू लागला की सोलापूरला मोटारी जास्त, रस्ता चांगला, आणि नीट बघितलं तर सोलापूर मला मुरुमपेक्षा जवळच पडतं. ते खरंच आहे. जवळ पडतं. मी त्याला बरं म्हटलं. गौरा बैलामागून फिरत होती आणि आमच्याकडं बघत नव्हती, पण तिचं पाऊल जरा उचललेलं दिसलं. मला ते आवडलं नाही, आणि मी ते चुकीचं म्हणू शकले नाही.

निघताना तिनं माझ्या पाया पडून ओटी भरावी तसे तांदूळ पदरात घातले. विधवेची ओटी भरत नाहीत. तिनं भरली. मी घेतली.

बेंबळी

परतीच्या वाटेचं सांगण्यासारखं काही नाही. करडई फुलावर होती, पण मी पलीकडच्या बाजूला बसले.

घरी पोचले तेव्हा थोरला मुलगा ओट्यावरच होता. मी चपला काढायच्या आत त्यानं विचारलं, “भाकणुकीत करडईचं काय निघालं?”

“तेजी,” म्हटलं. “पत्रावळ सरकेपर्यंत खाल्लं.”

सगळ्यांना आनंद झाला. थोरली सून चहा ठेवायला गेली. धाकटा म्हणाला, औंदा करडई लगेच विकायची नाही, भाव चढू द्यायचा. थोरला त्याच्या पुढं गेला. त्याचं म्हणणं, बांधाला लावून काय होतंय, पुढच्या पेऱ्याला अर्धं वावर करडईच करू. दोघं बराच वेळ बोलत होते. चहा चांगला झाला होता.

मग थोरला मला म्हणाला, “आई, पुढल्या संक्रांतीलाबी तू मुरुमला जाऊन भाकणूक बघून ये. आपल्याला आधी कळलेलं बरं.”

तिथं उतरायचं कुणाकडं, ते त्यानं विचारलं नाही. मी बरं म्हटलं आणि लुगडं बदलायला आत गेले.